कोकणात फिरायला कुठली घ्यावी: जुनी बुलेट, येझदी रोडकिंग की नवी क्लासिक?

भाचा पुण्यात नोकरीला, घर गुहागर तालुक्यात. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "मामा, गाडी घ्यायचीय. एक सीआय बुलेट बघून ठेवलीय, एका मित्राच्या ओळखीत येझदी रोडकिंग पण आहे. आणि ही म्हणते, शोरूममधून सरळ नवी क्लासिक उचला. तुम्ही सांगा."

मी चिपळूणला असतो. दारात १९८९ची बुलेट आहे आणि गेली पंचवीसेक वर्षं तीच चालवतोय. त्यामुळे मामा काय सांगणार हे भाच्याने धरूनच ठेवलं होतं. मी त्याला उलट विचारलं, "गाडी झोपणार कुठे? पुण्याच्या पार्किंगमध्ये की गावच्या पडवीत?" तो म्हणाला, त्याने काय फरक पडतो?

सगळा फरक त्यानेच पडतो. या तीन गाड्यांचं कौतुक करणारे लोक त्या चालतात कशा हे रंगवून सांगतात. उभ्या असताना त्यांचं काय होतं हे कुणी सांगत नाही. कोकणात गाडी मरते ती उभ्या उभ्या. खारा वारा, जून ते सप्टेंबर न सुकणारी भिंत आणि कुलूप लावून दीड महिना बंद असलेलं घर. स्पोकच्या मुळाशी आधी तांबूस पूड दिसते, मग रिमवर फोड येतात, आणि एक दिवस क्लचची वायर आतल्या आत तुटते.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सीआय म्हणजे कास्ट आयर्न सिलिंडरची जुनी बुलेट ३५०. १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड कंपनी उभी राहिली, तेव्हापासून हे इंजिन थोडेफार बदल होत २००९-१०च्या आसपासपर्यंत बनत राहिलं. त्या काळी लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी ८०० गाड्या मागवल्या होत्या. आमच्या भागात निवृत्त फौजीच्या दारात बुलेट दिसते त्याचं मूळ तिथे आहे. माझीही एका सुभेदारांकडूनच आलेली. येझदी मैसूरची. १९६१ पासून तिथे जावा बनू लागली, १९७३ मध्ये नाव येझदी झालं, १९७८ला रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आज त्याच नावाच्या नव्या गाड्या मिळतात, त्या वेगळ्या. इथे बोलतोय ते जुन्या दोन सायलेन्सरवाल्या टू-स्ट्रोकबद्दल. नवी क्लासिक म्हणजे बुलेटवाल्या रॉयल एनफील्डचीच, सप्टेंबर २०२१ मध्ये आलेली, ३४९ सीसीची.

यामाहा आरएक्स १००चं नाव कुणीतरी काढणारच. उत्तम गाडी, पण बायको, बॅग आणि आंब्याची पेटी घेऊन कुंभार्ली घाट चढायला मी ती घेणार नाही. राजदूत ३५० तर आता चालवण्यापेक्षा पुसून ठेवण्याची वस्तू झालीय.

आता उभ्या गाडीचं. रोडकिंगमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला तीस-चाळीस मिली. क्रँकच्या बेअरिंगला जे काही तेल मिळतं ते या मिश्रणातूनच. गाडी महिनाभर उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि खाली चिकट राळ उरते. बेअरिंगवरचा तेलाचा पापुद्राही दमट हवेत फार दिवस टिकत नाही. त्यात पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणात हवेला पाण्याची काय कमी? टाकी आतून गंजते, जुने रबरी वॉशर फुगतात. हा त्रास बुलेटच्या कार्बोरेटरलाही आहेच, पण तिच्या पोटात वेगळं ऑइल असतं, त्यामुळे ती उभी राहणं जास्त सोसते. गाडी पडवीत उभी ठेवायची असेल तर रोडकिंग घेऊ नका. चालवणारा रोजचा असेल तर गोष्ट निराळी.

नव्या क्लासिकला फ्युएल इंजेक्शन असल्याने कार्बोरेटरची कटकट नाही. पण तिला किक नाही. महिना-दीड महिन्याने कुलूप उघडलं, बटण दाबलं आणि नुसतं टक् आवाज आला, की रविवार गेला. बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा ट्रिकल चार्जर लावून ठेवा म्हणतात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून चार वेळा जाते, तरी लावा. बुलेटची बॅटरी अर्धमेली असली तरी किकवर निघते.

पण ती किक शिकावी लागते, आणि इथे बरेच जण हरतात. पेट्रोलचा कॉक उघडायचा, किल्ली फिरवायची, किक हळू दाबत न्यायची. एका ठिकाणी ती दगडासारखी घट्ट होते. तिथे डाव्या हाताने डीकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ, ओढायचा आणि किक अगदी जराशी खाली सरकवायची, नजर करंट दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरच्या काट्यावर. काटा मध्यावर आला की थांबायचं. डीकॉम सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण वजन टाकून एकच मारायची. जोर लागत नाही, वेळ साधावी लागते. घाईत अर्धवट मारली तर ती उलटी येते आणि नडगी किंवा घोटा धरून बसावं लागतं. गिअर उजव्या पायात, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली, ब्रेक डाव्या पायात. चार दिवसांत सवय होते, पण त्या चार दिवसांत बाजारपेठेत जाऊ नका. घाबरल्यावर पाय जुन्या सवयीनेच पडतो. रोडकिंगची गंमत वेगळी, गिअरचीच दांडी आत दाबून वर फिरवली की तिची किक होते.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदी शहरात शिरली तेव्हा माझी गाडी आरशापर्यंत पाण्यात होती. पाणी उतरल्यावर ती गाळातून ओढून काढली. इंजिन ऑइल सोडलं तर चहासारखं आलं, दूध जास्त घातलेल्या. माझ्या मेकॅनिकचं गॅरेजही बुडालेलं, त्यामुळे तो आला दीड महिन्याने. हेड, बॅरल उतरवलं, सगळं डिझेलने धुतलं, रिंगा बदलल्या, वायरिंग नवीन ओढलं, ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट घासून त्यांची गॅप लावली. सप्टेंबरअखेर ती अकराव्या किकला सुरू झाली. शेजारच्यांची इंजेक्शनवाली गाडीही बुडाली होती. तिच्या इलेक्ट्रॉनिक्सचा खर्च ऐकून त्यांनी ती तशीच विमा कंपनीला दिली. हे मी जुन्या गाडीचा मोठेपणा म्हणून सांगत नाही. विमा मिळाला ते शहाणे. मला सगळा खर्च खिशातून करावा लागला, कारण माझा विमा फक्त थर्ड पार्टी होता.

यातून घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावं. चिपळूण, खेड, महाड भागातली जुनी गाडी बघताना ती पुरात होती का हे तोंडाने विचारू नका, हाताने शोधा. हेडलाइट उघडून आतल्या बाजूला बोट फिरवा. टूलबॉक्सच्या कोपऱ्यात आणि सीटखालच्या पत्र्यावर बघा. वाळलेला गाळ राखाडी, पिठासारखा बारीक असतो, आणि तो कुणालाच पूर्ण धुता येत नाही. गाळ सापडला म्हणून सोडून द्या असं नाही, किंमत पाडा.

चालवण्याचं म्हणाल तर उत्तर रस्त्यावर आहे. दापोलीहून दाभोळ, जेटीने धोपावे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळला पुन्हा जेटी, पलीकडे जयगड, गणपतीपुळे, आरे-वारेवरून रत्नागिरी, मग पावस, पूर्णगड. या रस्त्यावर सरासरी ताशी तीस-पस्तीस पडते. वळणं, वाड्या, रस्त्यात झोपलेली गुरं. इथे वीस हॉर्सपॉवरची नवी क्लासिक अठराच्या बुलेटपुढे काहीच मिळवत नाही. बुलेटचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ९० मिलिमीटरचा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७०चा. लांब स्ट्रोकमुळे ती तिसऱ्या गिअरवर, जेमतेम आवाजात, पूर्णगडची चढण ओढून नेते. पावसाने उघडीप दिलेली असावी, जांभ्याच्या गडग्यांवर शेवाळ असावं आणि इंजिनाचे ठोके मोजता येतील इतक्या सावकाश जावं. ज्यांनी वीस-तीस वर्षं ही गाडी ठेवलीय त्यांनी ती याच वेगासाठी ठेवलीय, असं मला वाटतं. वेगवान गाडी त्यांना परवडत नाही असं नाही.

रोडकिंग इथे बुलेटपेक्षा हलकी आणि चपळ. आरे-वारेच्या चढाला मित्राच्या रोडकिंगने मला प्रत्येक वेळी मागे टाकलंय. तिच्या दोन सायलेन्सरचा आवाज आणि मागे राहणारा धुराचा वास, हे प्रेमात पाडणारं प्रकरण आहे हे मान्य. सायलेन्सरच्या आतले आवाज दाबणारे बॅफल तो मित्र अजून नारळाच्या सोडणांच्या आगीत भाजून साफ करतो, सगळ्या वाडीला कळतं आज काय चाललंय ते. पण घाट उतरताना तिची एक अडचण आहे. टू-स्ट्रोकला इंजिनचा ब्रेक नावापुरता, आणि थ्रॉटल बंद करून लांब उतरलात तर पेट्रोलबरोबर जाणारं ऑइलही कमी होतं. म्हणून कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना मधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल द्यावा लागतो. जुन्या माणसांचा हात हे आपोआप करतो, नव्याला शिकवावं लागतं. बुलेट दुसऱ्या गिअरवर टाकली की इंजिनच धरून ठेवतं. ते बरं, कारण तिचे ड्रम ब्रेक पावसात म्हणजे विनंती अर्ज.

ब्रेकच्या बाबतीत नव्या क्लासिकशी दोघींची तुलनाच नको. डिस्क आहे, एबीएस आहे. पुण्याहून सातारा, पाटण, कोयनानगर करत यायचं, कुंभार्लीच्या धुक्यात समोरून एसटी अचानक उगवते, तेव्हा जुन्या गाडीचं प्रेम उपयोगी पडत नाही. मुंबई-गोव्याच्या चौपदरी रस्त्यावरही तसंच. सीआय बुलेट साठ-पासष्टला सुखात असते, त्यापुढे थरथरीने आरशात मागची गाडी दिसते का तिचं भूत हे कळत नाही. नव्या इंजिनात थरथर कमी करणारा बॅलन्सर आहे, ऐंशीला मागे बसलेली बायको गप्पा मारू शकते. एक खोट म्हणजे वजन, १९५ किलो. ओहोटीच्या वेळी जेटीच्या उताराला शेवाळ असतं. तिथे ही गाडी मागे ढकलून वळवायची वेळ आली की दोन खलाशी लागतात.

एकदा मी तवसाळच्या अलीकडे अडकलो होतो, संध्याकाळची शेवटची बोट समोर दिसत असताना. क्लचची वायर तुटली. दोष माझाच, सहा महिने तिचे तंतू सुटत होते आणि "पुढच्या वेळी" म्हणत होतो. सीटखाली जादा वायर होती, पण वायरच्या टोकाची मुंडी बसवायला पक्कड नव्हती. एका नळ बसवणाऱ्याने दिली. तेव्हापासून वायर, पॉइंट, प्लग, पक्कड ही चार माणसं गाडीबरोबर कायम असतात.

मेकॅनिकचं नीट बघा. पॉइंटची गॅप आणि व्हॉल्व्हचे टॅपेट कानाने लावणारी पिढी आता साठीच्या पुढे गेलीय. तुमच्या तालुक्यात असा एक तरी असेल तर सीआय घ्या. बुलेटचे पार्ट नवे मिळतात, अगदी गॅस्केटपासून पिस्टनपर्यंत. रोडकिंगचे मिळतात, पण शोधावे लागतात, आणि नवा म्हणून आलेला पार्ट बसेलच असं नाही.

कागदांचं विसरू नका. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करायची. दुचाकीला ती फी एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये झाली, वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून २,०००. शिवाय पर्यावरण कर. कुणी "विंटेज नंबर घेऊन टाका" म्हणेल, तर तो पन्नास वर्षांवरच्या गाडीला, २०,००० रुपये भरून, आणि त्या नंबरवर रोज फिरता येत नाही. म्हणजे आपल्या कामाचा नाही. मूळ आरसी नसलेली, "नंतर करून देतो"वाली गाडी कितीही सुंदर असली तरी सोडा. दुसऱ्या बाजूला, सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे नवीचं पारडं आधीपेक्षा जड आहे.

तर भाच्याला मी सांगितलं ते असं. गाडी पुण्यात राहणार आणि महिन्यातून दोनदा घाट उतरून बायकोसह यायचं असेल तर बायकोचं ऐक, नवी घे. गाडी गावाला राहणार, बाबा आठवड्यातून दोनदा ती गुहागरच्या बाजारात नेणार आणि तू आल्यावर किनाऱ्याने फिरणार, तर सीआय घे, पण चार गिअरची, उजव्या पायाची, आणि मूळ इंजिन नंबर जुळणारी. रोडकिंग स्वतः गावात राहत असशील तरच.

तो म्हणाला, विचार करतो. सध्या एक शनिवार सोडून एक शनिवार चिपळूणला येतो आणि अंगणात माझ्या गाडीला किका मारतो. परवा सातव्या किकला सुरू झाली. नडगीवर मोठा निळा डाग घेऊन पुण्याला गेला.