पॅटर्न 'रिजेक्ट' म्हणून परत आले, आणि बाजारात माझेच मुखवटे

२६ वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न कोरतोय, म्हणजे धातू ओतायला वाळूत ठसा घ्यायचे लाकडी नमुने. उधारी बुडवणारे, चेक न वटणारे सगळे बघितलेत. हा प्रकार निराळा आहे, म्हणून लाज गिळून लिहितोय.

जूनमध्ये एक जण आला. देव्हाऱ्यात ठेवायचे पितळी गौरीचे मुखवटे ओतायचे होते, तयार नग १०० मिलिमीटर उंच. १४ नमुने, सागवानात कोरून. नगाला २,८००, एकूण ३९,२००. १२,००० ॲडव्हान्स रोख दिला, घासाघीस अजिबात केली नाही. (घासाघीस न करणाऱ्याकडून ऑर्डर लिहून घ्या. मी घेतली नाही.) पाच आठवडे राबलो. बाकीचे २७,२०० 'ट्रायल ओतून बघतो, मग देतो' म्हणाला. ट्रायलला पॅटर्न देणं या धंद्यात रोजचंच आहे, तुम्हीही दिले असते.

आठव्या दिवशी सगळे परत घेऊन आला. "मिस्त्री, संकोच कमी धरलाय तुम्ही. नग बारके आले."

संकोच म्हणजे ओतलेला धातू गार होताना आकसतो, तेवढा पॅटर्न मोठा ठेवायचा. पितळेला मी तो शेकडा दीड धरतो, आजवर कुणी बोट दाखवलं नाही. पण तो चारचौघांत मोठ्यानं बोलत होता, शेजारच्या शॉपमधले बघत होते. नाव जाईल म्हणून गप्प बसलो आणि १२,००० मोजून परत दिले. बारका आलेला नग कुठाय, एवढंही विचारलं नाही. कुणी असं म्हणाला तर आधी ओतलेला नग टेबलावर मागा.

रात्री पॅटर्न पुसायला घेतले. वाळूत गेलेला पॅटर्न मला अंधारातही कळतो. कोरीव कामात काळी वाळू बसते, लाखेचं पॉलिश मरतं, पाठीवर उचलायच्या स्क्रूचं भोक असतं. इथं भोक नाही, वाळूचा कण नाही. वर हाताला नुसतं तेलकट लागत होतं आणि एका नथीच्या वेढ्यात गुलाबी रबराचा धागा अडकला होता. सिलिकॉन रबरात साचे काढून घेतले होते त्यानं! हे दुपारी, तो समोर उभा असताना दिसायला हवं होतं. पॅटर्न तर माझ्या हातातच होते.

पोलीस ठाण्यात चार खेपा झाल्या. "वस्तू परत मिळाल्या, पैसे तुम्हीच दिलेत, मग फसवणूक कुठली? दिवाणी बाब आहे." लेखी ऑर्डर नाही म्हणून अर्जाची पोचसुद्धा तिसऱ्या खेपेला दिली. दुसऱ्या एका कार्यालयात माझी उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) दाखवली, ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा दाखवला, तर माल तुम्हीच परत घेतलात म्हणे. वकील म्हणाले, डिझाइन बाजारात यायच्या आधी २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवायचं असतं; तसं न नोंदवलेल्या डिझाइनचे मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं कारखान्यात ५० च्या वर नग काढले की कॉपीराइटही उरत नाही. रोज नवा नमुना कोरणाऱ्यानं नोंदवायचं कधी आणि कोरायचं कधी? ज्याच्या हातचं काम चोरलं त्यानंच सगळीकडे पुरावे घेऊन फिरायचं, आणि तो मोकळा!

ट्रायलला एकच पॅटर्न द्या, तोही फाउंड्रीत स्वतः उभं राहून.

गौरीच्या आधी महाद्वार रोडला एका दुकानात तो मुखवटा दिसला. डाव्या बुगडीचा एक मोती चपटा आहे, तिथं माझी पटाशी निसटली होती. १,१५० रुपये देऊन पक्क्या बिलावर घेतला. घरी येऊन कॅलिपर लावला. बरोबर १०० मिलिमीटर.