ओट्यापाशी उंच स्टूल: बीच, रबरवुड की आपला सागवान?

जळगावात नवं घर बांधताना स्वयंपाकघराची एक भिंत काढून तिथे हॉलकडे तोंड असलेला ओटा केला आणि त्याच्यापुढे चार उंच लाकडी स्टुलं ठेवायची ठरली. मोबाइलवरचा फोटो सासूबाईंना दाखवला. त्या साक्रीकडच्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "या घोडावर कोन चढी वं?"

त्याच सुमाराला धाकट्या दिराने धुळ्याजवळ हायवेला कॅफे काढायला घेतलं होतं. त्यालाही तीच स्टुलं हवी होती: फिकट लाकूड, गोल बैठक, बाहेर झुकलेले चार सडपातळ पाय. फोटो एकच, पण शेवटी माझ्या घरी एक आलं आणि त्याच्याकडे दुसरं. का, ते सांगते.

लाकडाआधी उंची. चूक इथेच होते, आणि ती पॉलिशने भरून निघत नाही. बैठक आणि ओट्याची खालची कड यांत १० ते १२ इंच मोकळे हवेत, नाहीतर मांड्या अडकतात. बाजारातली उंच स्टुलं साधारण दोन मापांत येतात: ३६ इंची काउंटरसाठी २४ ते २६ इंच आणि ४२ इंची बारसाठी ३० इंच. आपले ओटे बहुतेक ३२ ते ३४ इंचांचे, कारण पोळ्या लाटणारीच्या उंचीवर ते बेतलेले असतात. म्हणजे तयार २६ इंची स्टूल आणलं की माणूस ताटावर ओणवा होतो. आम्ही दोन बाजूंना सात-सात विटा रचून वर पाट ठेवला आणि घरातल्या प्रत्येकाला बसवून पाहिलं. विटेची जाडी तीन इंच, पाटाची एक, झाले २२. आमच्या ३४ इंची ओट्याला ते बरोबर बसलं.

दुसरं म्हणजे गुडघे जाणार कुठे? ओट्याखाली ट्रॉल्या असतील तर स्टूल नुसतं शोभेचं. ग्रॅनाइट निदान दहा इंच पुढे काढायला हवं आणि त्याला खालून लोखंडी ब्रॅकेटचा आधार हवा. नुसतं पुढे काढलेलं ग्रॅनाइट कुणी त्यावर कोपर टेकून उठलं की तडकतं. पाय ठेवायची आडवी दांडी बैठकीपासून १६ ते १८ इंच खाली हवी, आणि एका स्टुलाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत २४ इंच. झुकलेल्या पायांचं माप बैठकीवर घेऊ नका, जमिनीवर घ्या. १४ इंची बैठकीचं स्टूल खाली १७-१८ इंच जागा खातं, आणि पाण्याचा तांब्या घेऊन जाणारा त्याच पायाला ठेचकाळतो.

हा घाट मूळचा कुठला

या साध्या स्टुलाचा मूळ पुरुष म्हणजे फिनलंडचा वास्तुविशारद आल्व्हार आल्टो याने १९३३ साली केलेलं तीन पायांचं, बर्च या तिकडच्या फिकट लाकडाचं स्टूल. त्याची उंच आवृत्ती १९३५ ची. (दुकानात हा घाट 'स्कँडिनेव्हियन' म्हणून विकतात. काटेकोर बोलायचं तर फिनलंड स्कँडिनेव्हियात मोडत नाही, पण दुकानदाराला ते सांगून उपयोग नाही.) त्यातली खरी करामत पायात आहे. सरळ बर्चच्या दांड्याच्या वरच्या टोकाला उभ्या बारीक चिरा पाडायच्या, त्यांत गोंद लावलेल्या पातळ पट्ट्या सारायच्या आणि ते टोक काटकोनात वाकवायचं. मग पाय बैठकीत खुपसायची गरजच नाही, खालून स्क्रूने बसतो.

आपल्याला मिळणाऱ्या बऱ्याच नकलांत रूप तेवढं उचललेलं असतं, सांधा नाही. पायाचं गोल टोक बैठकीच्या भोकात आणि दांडीचं गोल टोक पायाच्या भोकात, वर गोंद. युरोपातल्या घरात हे वर्षानुवर्षं टिकतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, हवा चुलीवरच्या तव्यासारखी कोरडी, आणि घरात कूलर. लाकडाला पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही: दुपारी ओलं, रात्री कूलर बंद की कोरडं. मग जूनपासून चार महिने सर्दच. गोल टोक फुगतं, भोकात दाबलं जातं, आकसलं की सैल पडतं.

इथे लाकडालाकडातला फरक उघडा पडतो. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत बीच, म्हणजे युरोपातलं ते फिकट लाकूड, रुंदीत जवळजवळ १२ टक्के आकसतं, सागवान सहाच्या आसपास. नंतरचं फुगणं-आकसणंही त्याच प्रमाणात. एक इंची टोकात बीचला वर्षभरात अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो. ऐकायला थोडा, पण 'कुईऽऽ' असा आवाज यायला पुरे.

तो आवाज मी ऐकलाय. प्रयोग म्हणून ऑनलाइन मागवलेलं बीचचं एक स्टूल दुसऱ्या उन्हाळ्यात बोलायला लागलं. उलटं करून पाहिलं तर पायदांडी हाताने गोल फिरत होती, आणि भोकाच्या कडेला वाळलेल्या गोंदाचं नखाएवढं पिवळं कडं सुटून आलेलं. विकणाऱ्याने फोटो मागवले, दोन आठवड्यांनी "वापरातली झीज" म्हणून हात झटकले.

रबरवुडची बदनामी

रबरवुड म्हटलं की आमच्याकडे लोक नाक मुरडतात, जणू ते रबराचंच असतं. केरळात चीक काढून संपलेली, २५-३० वर्षांची झाडं तोडतात, त्यांचं हे लाकूड. फिकट रंग हवा असेल तर त्याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही, आणि फुगण्या-आकसण्यात ते बीचपेक्षा कितीतरी शहाणं, सागवानाच्या जवळचं. त्याचा दोष वेगळा: कच्च्या लाकडाला कीड आणि बुरशी झटकन लागते, म्हणून बोरॉनची प्रक्रिया केलेलंच घ्यायचं. प्रक्रिया झाली की नाही ते दिसून कळत नाही. कळतं ते सहा महिन्यांनी, स्टुलाखाली पिठासारखा भुगा पडायला लागल्यावर. त्यामुळे लेखी हमी मागा. दुसरं, हे छोट्या तुकड्यांच्या बोटाबोटांच्या सांध्यांनी जोडून केलेलं असतं. बैठकीला चालेल, पायाला नको. सडपातळ पायाच्या मध्यावर तो नागमोडी जोड दिसला तर ते स्टूल तिथेच ठेवा.

ओक आणि ॲश ही लाकडं सुंदर असतात, पण इथे येईपर्यंत इतकी महाग होतात की त्या पैशात सागवानाची जोडी होते. ओक हवाच असेल तर त्याला साधे लोखंडी खिळे लावू देऊ नका. ओल लागली की भोवती काळे डाग येतात.

बैठक दोरीची विणलेली हवी असा माझा फार हट्ट होता. डेन्मार्कचा फर्निचरकार हान्स वेगनर याच्या १९४९ सालच्या, पाठीला वाय आकार असलेल्या खुर्चीला सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते. बाजेवर वाढलेल्या माणसाला ती वीण लगेच आपली वाटते. पण बाजेवर कुणी शेवभाजी खात नाही. तर्रीचा एक थेंब त्या दोरीत गेला की गेला. बैठक लाकडीच केली.

आता मिस्त्री. तो सागवानात करून देतो, हव्या त्या उंचीचं करतो, आणि सांधा सैल झाला तर सायकलवर येऊन पाचर ठोकून जातो. ही शेवटची गोष्ट कुठल्याही वेबसाइटवर मिळत नाही. लाकूड किती लागेल? कापणीची नासाडी धरून एका स्टुलाला साधारण अर्धा घनफूट. वखारीत आजचा भाव विचारा, गुणाकार करा, मजुरी मिळवा, आणि मग ऑनलाइन भावाशी ताडून पाहा.

अडचण लाकडाची नाही, मिस्त्रीच्या डोक्यातल्या मजबुतीची आहे. त्याला फोटो दाखवला की तो मान डोलावतो आणि दोन इंची चौकोनी पाय करून आणतो. वर गडद पॉलिश. "ताई, जनमभर हलणार नाही." हलत नाही हे खरं, पण ते मग पोलीस चौकीतलं स्टूल दिसतं. म्हणून कागदावर मापं लिहून द्या: पाय वर दीड इंच, खाली एक इंच, दांड्या एक इंच, आणि दांडीचं टोक पायाच्या आरपार नेऊन बाहेरून पाचर. पाचर दिसू दे, शोभतेच. फिकट पांढुरकं लाकूड मात्र मागू नका. सागवानाचा तो बाहेरचा भाग असतो आणि कीड तिथेच शिरते. मधाच्या रंगावर समाधान मानायचं. वर मॅट पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश), कारण हळदीचा हात कुठे लागेल ते सांगता येत नाही. डेन्मार्कात अशा फर्निचरला साबणाचा हात देतात. आपल्या स्वयंपाकघरात तो आठवडाभरात पिवळा पडेल.

पायाच्या तळालाही पीयू लावून घ्या. तिथे लाकडाचे उघडे रेशे खाली असतात, आणि रोजच्या ओल्या पोछ्याचं पाणी वातीसारखं वर चढतं. तळ कोरडा राहावा म्हणून खाली रबराच्या टोप्या लावा. फेल्टचे तुकडे पाणी धरून ठेवतात.

घरासाठी माझा कौल सरळ मिस्त्रीच्या सागवानाला. दिराला मात्र मी उलटं सांगितलं. त्याच्याकडे स्टुलावर रोज पन्नास अनोळखी माणसं बसणार, पायदांडीवर बूट घासणार, पोरं झोके घेणार. त्याला बोल्टने जोडलेलं रबरवुड बरं: दर महिन्याला ॲलन कीने आवळायचं, पाय मोडला तर तेवढाच बदलायचा, आणि पुढच्या दांडीवर पितळी पट्टी. नुसत्या लाकडाची दांडी हॉटेलात वर्षभरात बुटांनी खरवडली जाते. त्याचं काउंटर ४२ इंची, म्हणून ३० इंची स्टूल, आणि पाठ असलेलंच.

त्याने आधी बारा घेणार म्हटलं होतं. मी म्हटलं, चार घे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. तिथे थांबणारं कुटुंब तीन-चार तास गाडीत अंग आखडून आलेलं असतं, बरोबर एखादी आजी, काखेत पोर. त्यांना खुर्ची हवी. उंच स्टुलावर बसतो तो एकटा, चहा पिऊन निघणारा. शिवाय साडी नेसलेल्या बाईला ३० इंच चढताना काठ दांडीत अडकतो, हे स्टुलाचा आराखडा काढणाऱ्याच्या ध्यानातही नसतं.

मिस्त्रीकडून चारही एकदम करून घेऊ नका. मी मार्चमध्ये एकच करून घेतलं, अख्खा मे कूलरसमोर ठेवलं, ऑगस्टपर्यंत रोज त्यावर बसले. एका दांडीची पाचर केसभर वर आली होती, ती त्याने पुढच्या तिघांत लांब घेतली. ती तिन्ही स्टुलं गणपतीनंतर आली.