1966चं ओमेगा कॉन्स्टेलेशन : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

घड्याळ घेऊन चौदा महिने झाले. आठवड्यातले पाच दिवस तरी ते हातात असतं. पावसाळ्यातला बराच काळ कपाटात गेला, एकदा सर्व्हिसिंग झालं, एकदा चुंबकाने बिघडलं. आता त्याच्याबद्दल लिहिण्याइतकी ओळख झाली आहे.

मॉडेल ओमेगा कॉन्स्टेलेशन, रेफरन्स 168.005, स्टीलची केस, ऑटोमॅटिक, तीनच्या जागी तारीख. सीरियल नंबरवरून साधारण 1966चं. डायल 'पाय-पॅन', म्हणजे मधला भाग सपाट आणि कडेला बारा पैलूंनी खाली उतरत गेलेला. 'पाय' हा परदेशी पदार्थ भाजायची ताटली उपडी ठेवलेली डोळ्यांसमोर आणा. सकाळच्या उन्हात मनगट थोडं फिरवलं की एकेक पैलू उजळतो आणि विझतो. फोटोत हे अजिबात येत नाही. पाठीमागे जिनिव्हाची वेधशाळा आणि तिच्यावर आठ तारे कोरलेले आहेत. आत 561 नंबरचं मशीन, 24 ज्वेलचं (घर्षण कमी करणारे बारीक खडे), तांबूस सोन्याच्या रंगाचं. झाकण उघडलं तेव्हा घड्याळजी काका दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, नुसते बघत बसले.

किंमत मोजली 1 लाख 35 हजार. आकडा उघड सांगते, कारण माझी एक खंत या आकड्याला चिकटलेली आहे.

2013 साली मुंबईतल्या एका दुकानात याच मॉडेलची दोन घड्याळं मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली होती. एकाची डायल दुधावरच्या सायीसारखी पिवळसर झालेली, काट्यांमधल्या काळ्या रेषा थोड्या झिजलेल्या, तारखेच्या खिडकीजवळ एक बारीक डाग. त्याचे 38 हजार सांगितले. दुसऱ्याची डायल चकचकीत, पांढरीशुभ्र, अक्षरं ठसठशीत काळी. ते 22 हजारांत मिळत होतं. मला वाटलं, पहिल्यापेक्षा हेच जास्त जपलेलं दिसतंय, शिवाय स्वस्त. आनंदाने घरी घेऊन आले आणि चार वर्षं प्रत्येक लग्नकार्यात मिरवलं.

2017च्या ऑक्टोबरात हॉलिवूड अभिनेता पॉल न्यूमनच्या स्वतःच्या रोलेक्स डेटोनाचा न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाला. 1 कोटी 77 लाख डॉलरच्या वर रक्कम गेली. ती बातमी वाचून मी जुन्या घड्याळांबद्दल नीट वाचायला बसले आणि एका गोष्टीवर अडकले. न्यूमनच्या घड्याळासारख्या डायलची डेटोना घड्याळं त्यांच्या काळात दुकानांत पडून असायची, गिऱ्हाइकांना ती डायल आवडायची नाही. पन्नास वर्षांनी त्याच नावडत्या डायलसाठी जगातले श्रीमंत भांडत होते. मग मी माझं घड्याळ काढलं आणि घड्याळजींकडची भिंगाची डबी डोळ्याला लावली.

एकदा बघायला शिकलं की चुकत नाही. मिनिटांच्या रेघा सारख्या जाडीच्या नव्हत्या. 'कॉन्स्टेलेशन'ची अक्षरं शाईने फुगलेली. खालच्या कडेला 'स्विस मेड' नाहीच. आणि ज्या पैलूंसाठी हे घड्याळ ओळखलं जातं, त्यांच्या कडा बोथट झालेल्या, कारण जुना रंग काढताना डायल घासलेली. म्हणजे मूळ डायल कुणीतरी पुसून टाकली होती आणि तिच्यावर नवी रंगवली होती. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हे नाव ऐकलं की मला आजही वाईट वाटतं. आपल्या दमट हवेत डायल खराब व्हायच्या, बाहेरून माल आणण्यावर कडक बंधनं होती, सुटे भाग मिळत नव्हते. तेव्हा हाताशी होतं त्यात आपल्या कारागिरांनी ही घड्याळं चालती ठेवली, हे कौशल्य लहान नाही. पण मागणी होती म्हणूनच पुढेही डायल रंगत राहिल्या, आणि ती मागणी माझ्यासारख्यांचीच. पिवळी डायल नाकारून पांढरी उचलणारं प्रत्येक गिऱ्हाईक पुढच्या दुकानदाराला सांगत होतं, हीसुद्धा रंगवून घ्या.

त्यामुळे 38 हजारांचं घड्याळ सोडलं आणि अकरा वर्षांनी तसंच मूळ डायलचं 1 लाख 35 हजारांना घेतलं, हे दुःख माझ्यासाठी दुसऱ्या नंबरचं आहे. पैसे हळूहळू परत उभे राहतात. रंगवलेली डायल परत मूळची होत नाही, आणि त्या एका व्यवहारात माझाही हात होता.

आता वापराबद्दल. आकार जेमतेम 35 मिलीमीटर, आजच्या थाळीएवढ्या घड्याळांची सवय असेल तर लहान वाटेल. माझ्या हातावर अगदी बेताचं बसतं आणि साडीच्या किंवा शर्टाच्या बाहीत अडकत नाही. काच प्लास्टिकची आहे, चरे लगेच पडतात. पॉलिशची पेस्ट लावून दहा मिनिटं कापसाने घासलं की जातात. भिंगातून बघितलं तर काचेच्या मधोमध ओमेगाची अगदी बारीक खूण आहे. ती आहे याचा मला रोज आनंद होतो. तारीख बदलण्याचा मात्र त्रास. 561मध्ये ती झटकन पुढे ढकलायची सोय नाही (ती 564मध्ये आली), त्यामुळे घड्याळ आठवडाभर बंद राहिलं की काटे फिरवत बसावं लागतं. मी आता बंदच पडू देत नाही. रात्री काढून ठेवलं तर 45 तासांच्या आसपास चालतं.

पहिले तीन महिने ते दिवसाला 20 सेकंद मागे पडायचं. विकणाऱ्याने 'सर्व्हिस केलेलं' असं सांगितलं होतं, कागद काही नव्हता. काकांनी उघडलं तर तेल वाळून डिंकासारखं झालेलं आणि रोटरचा (हात हलला की फिरून आपोआप चावी देणाऱ्या वजनाचा) दांडा झिजलेला. स्वतंत्र कारागिरांना मूळ सुटे भाग सहज मिळत नाहीत. तो दांडा यायला सात आठवडे लागले आणि एकूण 11 हजार खर्च आला. जुनं घड्याळ घेताना ही रक्कम किमतीतच धरा, विकणारा काहीही म्हणो. सर्व्हिसिंगनंतर दिवसाला 5 ते 6 सेकंद पुढे जातं. साठीला आलेल्या मशीनसाठी हे फार सुंदर आहे.

"केस पॉलिश करू का?" असं काकांनी विचारलं नाही. उलट म्हणाले, "ताई, कुणी फुकट करून देतो म्हणालं तरी पॉलिश करू देऊ नका. ह्या पायांच्या कडा एकदा गेल्या की गेल्या." पट्टा अडकतो त्या वाकड्या पायांना संग्राहक 'डॉग-लेग' म्हणतात, आणि त्यांच्या धारदार कडांवर किंमत ठरते. पाण्याबद्दलही त्यांनी बजावलं: हात धुताना काढायचं. जूनमध्ये एकदा रिक्षातून उतरताना सर लागली आणि संध्याकाळी काचेला आतून धुकं आलं. दुसऱ्याच दिवशी उघडून वाळवून घेतलं म्हणून डायल वाचली. त्यानंतर पाऊसभर डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

चुंबकाचा किस्सा असा. एक दिवस घड्याळ चार मिनिटं पुढे, दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. पर्सच्या झाकणाला लोहचुंबकाचं बटण होतं आणि मी रोज प्रवासात घड्याळ काढून त्याच कप्प्यात ठेवत होते. बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावायला लागतं. काकांनी यंत्रावर धरून अर्ध्या मिनिटात चुंबकत्व काढलं, पैसे घेतले नाहीत. पर्स बदलली.

किमती का चढल्या याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. 2013च्या सुरुवातीला डॉलर 55 रुपयांच्या आसपास होता, आज 85च्या वर आहे. बाहेरून मागवलं तर कस्टम ड्युटी आणि वर 18 टक्के जीएसटी. 2020नंतरच्या दोन वर्षांत घरात बसलेलं जग घड्याळांवर तुटून पडलं. 2022च्या सुरुवातीला स्टीलच्या नव्या रोलेक्स आणि पाटेक या महागड्या स्विस घड्याळांच्या भावांनी कळस गाठला आणि मग ते उतरले. माझ्या मॉडेलला तो उन्माद तेवढा शिवला नाही. इथे चढ हळू आहे आणि उतरत नाही, कारण न रंगवलेली, न घासलेली घड्याळं दरवर्षी कमीच होत जाणार. भाव चढला की लबाडीही चढते, आणि त्यातून मोठेही सुटत नाहीत. 2021च्या नोव्हेंबरात जिनिव्हात ओमेगाचंच एक 1957चं स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. ते ओमेगाने स्वतःच आपल्या संग्रहालयासाठी घेतलं होतं. दोन वर्षांनी कळलं की ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलं होतं. म्हणून विकणाऱ्याकडून झाकण उघडलेला फोटो आणि डायलचा भिंगातून काढलेला फोटो मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. नवं काही घेण्याआधी महिनाभर फक्त मूळ डायलचे फोटो बघा. डोळा तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच.

जुनं रंगवलेलं घड्याळ मी विकलं नाही. मध्यंतरी एकाने 45 हजार देऊ केले होते. डायलबद्दल सांगितल्यावर तो थांबला, आणि ते बरोबरच होतं. डब्यात चिठ्ठी ठेवली आहे: 'डायल रंगवलेली, 2013मध्ये घेतलं.' माझ्यानंतर ज्याच्या हातात जाईल त्याला कळायला हवं.

नव्या घड्याळात एकच गोष्ट मूळची नाही, ती म्हणजे काटे फिरवायची बाजूची चावी. या मॉडेलला दहा कोनांची चावी असते, माझ्याकडे नंतर बसवलेली गोल आहे. घेतलं तेव्हा मूळ चावी 9 हजारांना दिसली होती, म्हटलं नंतर बघू. मागच्या आठवड्यात तशीच एक 14 हजारांना होती, तीही खरी आहे का याचा फोटो मागवला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.