साडेअठ्ठावन्नचा टॅम्पर आणि माझे १७,१४० रुपये

लिहायची लाज वाटतेय. पण हा माणूस घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधून अजून फिरतोय, म्हणून लिहितोय. पार्सल अडकलंय, केवायसी संपलंय, असले फोन मी दुसऱ्या वाक्याला कापतो. मी त्यातला नाही, असा माझा समज होता. मला फसवायला माणूस घरी आला, चपला बाहेर काढून, आणि हिने केलेले पोहे खाऊन गेला.

सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी नंबर टाकला होता. 'होम एस्प्रेसो सेटअप, डेमो ५०० रुपये.' माझं मशीन सेकंडहँड, पावडर भरायची त्याची भोकांची डबी, म्हणजे बास्केट, ५८ मिलिमीटरची. शॉट, म्हणजे एका वेळची कॉफी, आज चाळीस सेकंद रेंगाळायचा, उद्या पंधरा सेकंदांत भसकन खाली. १८ ग्रॅम पावडर, ३६ ग्रॅम कॉफी, पंचवीस ते तीस सेकंद, हे सगळं पाठ होतं. तरी कप कधी आंबट, कधी कडूजहर. मशीनबरोबर आलेला, पावडर दाबायचा प्लास्टिकचा टॅम्पर बास्केटमध्ये डुगडुगायचा, म्हणजे दोष त्याचाच, हे मी आधीच ठरवून बसलो होतो. त्याला फक्त मान डोलवायची होती.

शनिवारी सकाळी आला. पहिला शॉट माझा टॅम्पर, माझी पावडर, माझी बास्केट. पाणी कडेने फुटलं, ओट्यावर शिंतोडे. "बघा सर, चॅनेलिंग. पाणी पावडर सोडून फटीतून पळतंय." मग बॅगेतून त्याचा टॅम्पर निघाला. जड, चकचकीत, दाबला की 'टक्'. सोबत त्याचीच बास्केट, "मॅचिंग आहे सर." या वेळी मधासारखी धार आणि वर बोटभर फेस. चहाशिवाय कशाला तोंड न लावणारी ही सुद्धा म्हणाली, छान आहे हो.

आता तो क्षण. त्याने चोथा ठोकून काढला आणि मी, यजमान ना, बास्केट विसळायला घेतली. उलटी केली. बुडाला एकच भोक. सुईच्या टोकाएवढं.

साध्या बास्केटचं बूड चाळणीसारखं असतं. एकच भोक म्हणजे दुहेरी भिंतीची, प्रेशराइज्ड बास्केट. तिच्यात दाब तयार होतो त्या भोकामुळे. पावडर टॅम्परने दाबा, अंगठ्याने दाबा, नाहीतर दाबूच नका, फेस येणारच. आणि हे मला ठाऊक होतं! तसलीच एक मशीनबरोबर आली होती, 'ही नवशिक्यांची' म्हणून मीच ती ड्रॉवरमध्ये चमच्यांखाली टाकलीय. डोळ्यांनी पाहिलं, पुसून त्याच्या हातात दिली आणि विचारलं काय, तर "यूपीआय चालेल ना?"

म्हणा, डोळे होते की बटणं. पण आपल्या घरात बसून पोहे खाणाऱ्यावर संशय घेणं कुणाला जमतं? शिवाय तो ग्रुपवरून आलेला. ज्याने नंबर टाकला तो आता म्हणतो, "मलाही फॉरवर्डच आला होता."

डेमो ५००. टॅम्पर ६,४९०. पावडर सपाट करायचा लेव्हलर आणि तिच्यावर ठेवायची जाळी, पक स्क्रीन, मिळून २,१५०. आणि ग्राइंडरचा ॲडव्हान्स ८,०००, 'मंगळवारी पोचवतो.' त्या मंगळवारपासून फोन बंद. हिला मी नऊ हजारच सांगितलेत.

तीन आठवड्यांत टॅम्परच्या तळाचा मुलामा सुटू लागला. तेव्हा कुठे शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराकडून मोजमापाचा व्हर्नियर आणला. ५८.५ म्हणून विकलेला टॅम्पर भरला ५७.४. तेवढ्याने कडेला जी फट राहते, तिथली पावडर दबत नाही आणि पाणी तिथूनच पळतं. टॅम्परच्या आतली स्प्रिंग म्हणे ३० पौंडांची, म्हणजे साडेतेरा किलोंची. बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवून दाबली, सहा किलोंनाच 'टक्'. '३०४ स्टील'ला फ्रीजवरचा चुंबक चपकन चिकटला, खऱ्या ३०४ला तो सहसा असा चिकटत नाही. तेव्हा आधी आपली बास्केट आतून मोजा, मग टॅम्पर बघा. डेमो घ्यायचाच तर स्वतःच्या बास्केटमध्ये, स्वतःच्या पावडरीवर. साडेतेरा किलोंचंही फार मनावर घेऊ नका. पावडर एकदा दबली की वरच्या जोराने विशेष फरक पडत नाही. सपाट आणि रोज सारखी दाबली गेली पाहिजे.

चौकीत गेलो. "काका, कॉफी दाबायला साडेसहा हजार?" हवालदाराने शेजारच्याला हाक मारून बोलावलं, ऐक म्हणे. "वाटीने दाबायची की." वस्तू मिळालीय ना, मग हा दिवाणी मामला. आणि ग्राइंडर? पैसे यूपीआयने गेले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आला होता ना, मग हे ऑनलाइन कसं, पोलीस ठाण्यात जा. ठाण्यात राहतो म्हणून जन्म ठाण्यातच काढायचा का? तीन खेपा, दोन अर्ध्या रजा, माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून रिक्षाचे ६४० वेगळे. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. बरं, पैसे गेले त्या खात्याचा पत्ता तरी द्या! गोपनीय आहे. चोराची गोपनीयता सांभाळतात, माझी मात्र अख्ख्या चौकीला कळली. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि बिल. बिल मी मागितलं होतं. "जीएसटी वर लागेल सर," म्हणाला. मी शहाणा, म्हटलं, राहू दे.

आणि लाजेपायी चार दिवस गप्प बसलो. तुम्ही बसू नका. पैसे गेले की त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० नंबर फिरवा, रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवता आली तर तेव्हाच येते.

गेल्या आठवड्यात कोलशेतच्या मित्राने फॉरवर्ड पाठवला. नंबर नवा, मजकूर तोच, डेमो ५००. फोटोत तोच टॅम्पर, फेसाळ कप आणि वरून टिपलेली बास्केट. मी मुलाच्या फोनवरून विचारलं, "बास्केटचा खालून फोटो मिळेल का?"

दोन निळ्या टिका आल्या. मग त्याचा डीपी गायब झाला.