लव्हबर्ड्सची पिसं परत आणून देतो म्हणणाऱ्याने मला २८,३०० रुपयांना बुडवलं

पीबीएफडी, म्हणजे पोपटाच्या जातीतल्या पक्ष्यांची पिसं आणि चोच बिघडवणारा विषाणूचा रोग, बरा करणारं औषध माझ्याकडे आहे असं जो कोणी सांगेल तो चोर आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसला तरी एवढं तरी लक्षात राहील. औषध नाही. बाजारात लसही नाही. इंपोर्टेड नाही, आयुर्वेदिक नाही, होमिओपॅथिक नाही, 'ऑस्ट्रेलियन फॉर्म्युला' तर नाहीच नाही.

आमच्याकडे भांडुपला गॅलरीत सात लव्हबर्ड्स होते, म्हणजे बजीच. दिवाळीत मुलीने हट्ट केला म्हणून सातवा नको असं म्हणत म्हणत सातवा आणला, निळ्या. दुकानात तो गप्प बसून होता, शेपटी आखूड होती. दुकानदार म्हणाला, पिल्लू आहे, येईल शेपटी. आणला तो थेट मोठ्या पिंजऱ्यात सोडला. नवा पक्षी निदान महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवायचा आणि टेस्ट करूनच बाकीच्यांत सोडायचा, हे मला तेव्हा कोणीही सांगितलं नव्हतं. दुकानदाराने तर नक्कीच नाही. आता मी सांगतेय.

पुढे आधीच्या सहांतल्या टिकलीची पंखांतली लांब पिसं गळायला लागली. आम्हाला वाटलं नेहमीसारखी कात टाकतेय. पण नेहमी दोन्ही बाजूंची पिसं सारखी गळतात आणि मागोमाग नवीन कोंब दिसतात. इथे कोंब येत होते ते वाकडे, अर्धवट, वरचं आवरण सुटतच नव्हतं. एक पीस उजेडात धरून पाहिलं तर बुडाशी आवळलेलं आणि नळीत काळपट वाळलेलं रक्त. डॉक्टरांनी सगळ्यांची पीसीआर टेस्ट करायला लावली. निळ्या आणि टिकली पॉझिटिव्ह, बाकी पाच निगेटिव्ह.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. हा सर्कोव्हायरस, माणसाला होत नाही, पण पोपटाच्या जातीतल्या पक्ष्यांत पिसांच्या भुकटीतून, विष्ठेतून, भरवण्यातून पसरतो. यावर थेट इलाज नाही. दोघांना वेगळ्या खोलीत ठेवा, चांगलं खायला द्या, त्रास होऊ देऊ नका, ९० दिवसांनी पुन्हा टेस्ट करू. बजींमध्ये काही पक्षी आपले आपण विषाणूतून सुटतात, काहींची पिसं कायमची जातात, काही मरतात.

आता मला शहाणपण शिकवायला येणाऱ्यांना एवढंच सांगते, की 'इलाज नाही' हे ऐकून घरी यायचं आणि त्याच पक्ष्याला समोर बसून राळं सोलताना बघायचं, हे ज्याला जमलं असेल त्यानेच बोलावं. मी हिशेबाच्या कामात आहे. दुसऱ्यांची बिलं तपासणं हा माझा रोजचा धंदा आहे. मी अडाणी नाही आणि भोळीही नाही.

पक्षी पाळणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी टिकलीचा फोटो टाकून विचारलं होतं. रात्री वेगळ्या नंबरवरून मेसेज आला. 'ताई, घाबरू नका, लवकर कळलंय, वाचेल.' मग फोन. बोलणं एकदम व्यवस्थित, मराठी आपल्यासारखंच. आणि ऐका, त्याने जे सांगितलं त्यातलं निम्मं खरं होतं. सॅनिटायझरने हा विषाणू मरत नाही, हे त्याने सांगितलं, ते खरंच आहे. पिंजऱ्यातली लाकडी दांडी आणि मडकं फेकून द्या, ते नीट निर्जंतुक होत नाही, हेही बरोबर. पंखा बंद ठेवा, भुकटी उडते, हेही बरोबर. माझ्या डॉक्टरांनी जे सांगितलं तेच हा सांगत होता, मग पुढचंही खरंच असणार असं कोणालाही वाटलं असतं.

पुढचं म्हणजे, 'पिसं परत येतील, गॅरंटी. शंभरातले नव्वद बरे होतात.'

हा आकडा कुठून येतो ते मला आता कळतं. बरे होणारे बजी औषधाशिवायही बरे होतात. काहींना हा रोग नसतोच, ते नुसती पिसं बदलत असतात. त्यांचे आधीचे-नंतरचे फोटो हे लोक गोळा करतात आणि श्रेय बाटलीला देतात. ज्यांचे पक्षी मेले त्यांचे फोटो कोण टाकणार?

पैसे असे गेले. सल्ल्याचे १,५००. औषधाच्या किटचे ८,७५०. ते थंड ठेवून पाठवायला म्हणून कुरिअरचे १,८५०, आणि पार्सल आलं ते साध्या खोक्यात, बर्फाचा मागमूस नाही. विचारलं तर म्हणाला, वाटेत वितळला असेल. मग प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या बाटलीचे ६,४००. पिंजरा धुवायच्या द्रावाचे ३,२००. आणि तीन पक्ष्यांच्या टेस्टचे प्रत्येकी २,२०० प्रमाणे ६,६००. एकूण २८,३००. सगळे यूपीआयने. क्यूआर स्कॅन केल्यावर वर नाव आलं ते मोबाइलच्या कव्हरं-चार्जर विकणाऱ्या दुकानाचं. 'भावाचं खातं आहे, माझं लिमिट संपलंय.' पैसे पाठवायच्या आधी स्क्रीनवर जे नाव येतं ते वाचा, आणि ज्याच्याशी बोलताय त्याचं नसेल तर तिथेच थांबा. कितीही गोड बोलला तरी.

बाटल्यांवर लेबल होतं, पण बनवणाऱ्याचं नाव नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही, आत काय आहे ते नाही. दुसऱ्या बाटलीला लहान मुलांच्या व्हिटॅमिनच्या सिरपसारखा संत्र्याचा वास होता. असलं काही चाळीस ग्रॅमच्या जिवाच्या पाण्यात घालू नका.

पण पैशांचं सोडा. मला रात्री झोप लागत नाही ती त्या टेस्टमुळे.

किट संपल्यावर तो म्हणाला, आता टेस्ट करून घेऊ, माझ्या ओळखीची लॅब आहे. निळ्या, टिकली आणि एव्हाना खाजवायला लागलेला बंड्या, अशा तिघांची पिंजऱ्यात गळून पडलेली पिसं झिपच्या पिशव्यांत घालून पाठवायला सांगितली. वास्तविक पिसांवरून टेस्ट करायची तर मुळासकट उपटलेलं ताजं पीस लागतं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. मी पिशव्यांवर नावं लिहिली, पार्सल केलं. लगेच रिपोर्ट आले. तिन्ही निगेटिव्ह.

मी रिपोर्ट मोबाइलवर मोठा करून वाचला. वर लॅबचं नाव, शिक्का, सही. खाली 'नमुना: रक्त'.

रक्त! मी पिसं पाठवली होती. तीन रिपोर्ट, तिन्हींवर रक्त. कोणी काढलं रक्त, कधी, कुठे? नमुना मिळाल्याची तारीख तर पार्सल माझ्या घरून उचललं त्याच दिवसाची. एखाद्या बिलात असा घोळ दिसला असता तर ऑफिसात मी ते बिल टेबलावरून हलू दिलं नसतं. मी त्याला फोन केला, विचारलं. तो म्हणाला, 'टायपिंग मिस्टेक आहे ताई, फॉरमॅट तोच असतो. निगेटिव्ह आलंय ना? पेढे वाटा.' शेजारी मुलगी उभी होती, तिने 'निगेटिव्ह' ऐकलं आणि गॅलरीत पळालीसुद्धा. मला खरं करून घ्यायचं होतं ते. कोणत्याही आईला खरं करून घ्यायचं असतं.

आम्ही तिघांना परत मोठ्या पिंजऱ्यात सोडलं. निरोगी चौघांबरोबर.

त्यानंतर त्याने लसीचं काढलं. ११,००० रुपये, 'सगळ्यांना द्या म्हणजे जन्माची काळजी मिटली.' एवढी मोठी रक्कम म्हणून मी आमच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, आणि ते क्षणभर काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, सगळ्यांना आजच्या आज घेऊन या. खऱ्या लॅबमध्ये टेस्ट झाल्या. आधी दोघं पॉझिटिव्ह होती, आता सातातले पाच. निळ्या त्याच महिन्यात गेला. मी त्या माणसाकडे पक्क्या बिलाची मागणी केली, त्याने मला ब्लॉक केलं.

बनावट औषधाने पैसे जातात, फार तर त्याच पक्ष्याला अपाय होतो. बनावट निगेटिव्ह रिपोर्टने रोग पसरतो. लॅबचा रिपोर्ट हातात आला की लॅबचा नंबर त्या रिपोर्टवरून घेऊ नका, स्वतः शोधा आणि रिपोर्ट क्रमांक सांगून खात्री करा. आणि नमुना शक्यतो डॉक्टरांनाच काढू द्या.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात गेले. पहिला प्रश्न, 'मॅडम, पाखरांवर अठ्ठावीस हजार? पाच-सहाशेला जोडी मिळते.' पक्ष्याची किंमत किती हे मी विचारायला गेले नव्हते. माझे पैसे लुबाडलेत ते सांगायला गेले होते. मोबाइल चोरीला गेला तर 'एवढा महाग घेतलात कशाला' असं विचारता का? आतल्या साहेबांनी सांगितलं, माल मिळालाय ना, मग ही फसवणूक नाही, हा खरेदी-विक्रीचा वाद आहे, ग्राहक मंचात जा. मी म्हटलं, खोटा लॅब रिपोर्ट हा कसला माल? त्यावर उत्तर, 'डॉक्टरांचं पत्र आणा.' पत्र नेलं. मग 'त्या माणसाचा पत्ता आणा.' कुरिअरवाल्यांकडे गेले तर पाठवणाऱ्याचा पत्ता पोलिसांच्या पत्राशिवाय देता येत नाही. पोलीस म्हणतात, पत्ता असल्याशिवाय पत्र कुणाच्या नावाने देऊ. मधल्या मध्ये मी रजा टाकून फिरतेय.

बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार तुमच्या मर्जीने झालाय, आम्ही काही करू शकत नाही. ज्या खात्यात पैसे गेले त्याच्यावर आधीच्या तक्रारी आहेत का, एवढं तरी सांगा म्हटलं. तेही गोपनीय. चोराचं खातं गोपनीय, आणि माझी मात्र दर खिडकीवर सगळ्यांदेखत उलटतपासणी.

सगळ्यात संताप आला तो एका सरकारी कार्यालयात. १९८४ च्या कायद्यानुसार पशुवैद्य म्हणून काम करायला नोंदणी लागते. हा माणूस औषधं देतो, डोस सांगतो, याची नोंदणी आहे का, असं विचारलं. नाव तपासून म्हणाले, नाही. मग करा कारवाई! तर म्हणे, नोंदणी असती तर आम्हाला कारवाई करता आली असती, तो आमच्याकडे नोंदलेलाच नाही. म्हणजे खऱ्या डॉक्टरने चूक केली तर त्याला विचारणार, आणि जो डॉक्टरच नाही त्याला सगळं माफ. हे मला तोंडावर सांगताना त्या बाईंना काहीच वाटलं नाही.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी माझ्यासारखं आधी ठाण्यात जाऊन बाकावर बसू नये. पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० वर फोन करा आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. तासाभरात केली तर पैसे पुढे जायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते, माझ्यासारखा उशीर झाला की ते खात्यातून निघून गेलेले असतात. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं ३१८ वं कलम आहे, 'खरेदी-विक्रीचा वाद' म्हणून हाकलू देऊ नका. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. मी दिलाय. चॅट डिलीट करू नका, त्याने तुम्हाला ब्लॉक केलं तरी तुमच्याकडचं राहतं.

आणि ज्यांचे पक्षी आजारी आहेत त्यांना. डॉक्टर पक्ष्यांचे बघा, कुत्र्या-मांजरांचे सगळेच पक्षी बघत नाहीत. कोणी सापडलं नाही तर परळच्या जनावरांच्या दवाखान्यात चौकशी करा, मांजाने कापलेल्या घारी-कबुतरं तिथेच नेतात. पिंजऱ्याखालचा कागद उचलायच्या आधी पाणी फवारून ओला करा, नाहीतर सगळी भुकटी घरभर. निरोगी पक्ष्यांचं आधी करा, आजाऱ्यांचं नंतर, मग कपडे बदला. ब्लीचच्या पाण्याने पिंजरा धुताना पक्षी दुसऱ्या खोलीत, खिडक्या उघड्या, नंतर भरपूर पाण्याने धुवून उन्हात वाळवायचा. त्या वासानेच पक्षी मरू शकतात. ज्यांना उडता येत नाही त्यांच्या दांड्या खाली आणा, दाणा-पाणी तळाशी ठेवा, खाली जुना टॉवेल घाला. टिकली आता तशीच राहते, पंखांत उडायची पिसं नाहीत पण शेवग्याचा पाला आणि समुद्रफेस दिसला की चालत येते. पॉझिटिव्ह घरातून पक्षी कोणाला देऊ नका, विकू नका, पिल्लं काढू नका.

तो माणूस अजून धंदा करतोय. नाव बदललंय, नंबर बदललाय. एका मैत्रिणीने त्याची नवी जाहिरात पाठवली. 'उपचाराआधी' म्हणून जो फोटो लावलाय तो माझ्या टिकलीचा आहे, मीच त्याला पाठवलेला. हिरवी बजी, उजव्या पंखाला एकही लांब पीस नाही, मागे आमच्या गॅलरीतली निळी बादली. शेजारी 'उपचारानंतर' म्हणून भरघोस पिसांचा दुसराच कुठलातरी हिरवा पक्षी. हा फोटो कुठे दिसला तर एक रुपयाही पाठवू नका, आणि स्क्रीनशॉट काढून नंबरासकट लगेच तक्रार करा.