जुना कंपायलर, नवा कर्नल: कुठला मार्ग धरावा?

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, सोर्समधून बिल्ड करायला घेतला आणि सुरुवातीलाच ‘सी कंपायलर इज टू ओल्ड’ असा एरर आला, तर निम्मं निदान तिथेच झालं. तुमची जीसीसी (लिनक्सवरचा नेहमीचा सी कंपायलर) कुठली आणि किमान कुठली हवी, दोन्ही त्याखाली छापलेलं असतं. ही किमान अट वर सरकत आली आहे: लिनक्स ५.८ ला ४.९, ५.१५ ला ५.१ आणि ६.१६ पासून थेट ८.१. जुन्या सर्व्हरवर भेटणारी ४.८.५ यांपैकी कुठेच चालत नाही.

डिस्ट्रोच्या (तुमच्या लिनक्स वितरणाच्या) रिपॉझिटरीत नवी जीसीसी असेल तर ती जुन्या जीसीसीच्या शेजारी इन्स्टॉल करणं सगळ्यात सोपं. बिल्ड चालवणाऱ्या ‘मेक’ला ‘सीसी=जीसीसी-१२’ एवढंच सांगायचं. पण त्याने फक्त कंपायलर बदलतो. असेम्बलर (‘एएस’) आणि लिंकर (‘एलडी’) बिनयुटिल्स या वेगळ्या संचातून येतात आणि ते जुनेच राहतात, आणि ६.१६ ला बिनयुटिल्स २.३० तरी लागतं. यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे. जीसीसी नवी, एरर मात्र असेम्बलरचा, आणि मी चूक शोधत होतो कर्नलच्या कोडमध्ये. म्हणून आधी ‘एएस’ आणि ‘एलडी’ची आवृत्ती बघून घ्या.

कर्नल डॉट ऑर्गवरच्या तयार टूलचेन (कंपायलर आणि बिनयुटिल्सचे एकत्र संच) मला म्हणूनच जास्त आवडतात. टारबॉल उघडायचा, मेकच्या ‘क्रॉस_कंपाइल’मध्ये त्याचा पाथ प्रीफिक्ससकट द्यायचा, की जीसीसी आणि बिनयुटिल्स दोन्ही त्यातलेच वापरले जातात. रूट लागत नाही, सिस्टमला हात लागत नाही, काम झालं की फोल्डर उडवा. त्यांत सी लायब्ररी नसते, त्यामुळे ऑब्जटूलसारखी बिल्डला लागणारी साधनं मशीनवरच्या जुन्या जीसीसीनेच बनतात. तिथे अडलं, किंवा चारपाच जण वेगवेगळ्या मशीनवर तोच कर्नल बांधत असतील, तर कंटेनर (सगळी साधनं आत असलेलं वेगळं, बंदिस्त वातावरण) घ्या.

क्लँग या दुसऱ्या कंपायलरचा पर्यायही चांगला आहे: मेकला ‘एलएलव्हीएम=१’ दिलं की ऑब्जटूलसारखी साधनंसुद्धा त्याच संचातून बनतात. मात्र बाहेरचे ड्रायव्हर मॉड्यूल वापरत असाल तर जपून. त्यांतले काही जीसीसी गृहीत धरूनच लिहिलेले असतात. जीसीसी सोर्समधून बांधायची म्हणजे आधी जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या लायब्ररी आणि वर तीन टप्प्यांचं बूटस्ट्रॅप (जीसीसीने स्वतःलाच पुन्हा कंपाइल करणं). बाकी सगळं फसल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

सिस्टमची मूळ जीसीसी काढून तिच्या जागी नवी मात्र कधीही बसवू नका. चालू कर्नल ज्या कंपायलरने बांधला त्यानेच त्याचे बाहेरचे मॉड्यूलही बांधायला हवेत. मूळ जीसीसीच बदलली तर पुढच्या ड्रायव्हर अपडेटला तेच अडतात.

कुठलाही मार्ग घ्या, कंपायलर बदलल्यावर ‘मेक क्लीन’ आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ (नव्या पर्यायांना डिफॉल्ट उत्तर देणारी आज्ञा) चालवा, मग जुनी आणि नवी कॉन्फिग, म्हणजे कर्नलच्या पर्यायांची फाइल, डिफ करून बघा. जुन्या जीसीसीमुळे दडलेले पर्याय आता दिसू लागतात, आणि त्यांतले काही न विचारताच चालू झालेले असतात.