14 महिने डीपीएफसोबत: काजळी जळते, पण गाडी सांगत नाही

माझ्या डिझेल गाडीत सातव्या महिन्यात एका सकाळी डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागला. पुस्तिका उघडली, तर त्यात लिहिलेलं: दिवा विझेपर्यंत गाडी वेगात चालवत राहा. माझं ऑफिस 6 किलोमीटरवर आणि मध्ये सगळे सिग्नल. वेगात चालवू कुठे? गेलो तसाच. चौथ्या दिवशी इंजिनचा दिवाही पेटला आणि गाडीतला जोरच गेला. साध्या चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी रेटेना, मागचे हॉर्न वाजवायला लागले. लिंप मोड म्हणतात तो हाच: इंजिनला इजा होऊ नये म्हणून गाडी स्वतःच ताकद कमी करते.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून जागेवरच रीजन केलं, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळली. उभी गाडी बराच वेळ चढ्या आरपीएमवर गुरगुरत होती, मागे उभं राहवत नव्हतं इतकी गरम हवा. मग ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलले आणि बिल माझ्या हातात दिलं. वर ऐकवलं, "साहेब, तुम्ही गाडी चुकीची चालवताय." मी तिथेच भांडलो. गाडी विकताना रोजचं रनिंग किती हे एकानेही विचारलं नव्हतं.

घरी येऊन हे प्रकरण मुळापासून समजून घेतलं. डीपीएफ म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्यांचा सिरॅमिकचा ठोकळा. एक नळी पुढून बंद, शेजारची मागून, म्हणजे धुराला सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं आणि काजळी आतच अडकते. ती जाळायला साधारण 600 अंश तापमान लागतं. लांबच्या रस्त्यावर एक्झॉस्ट तापलेला असतो, तेव्हा 300 अंशांच्या आसपासही नायट्रोजन डायऑक्साइडमुळे काजळी हळूहळू जळत राहते, आपल्याला कळतही नाही. सिग्नल-टू-सिग्नल चालवण्यात तेवढी उष्णता येतच नाही. मग काजळी ठराविक पातळीवर गेली की इंजिनचा संगणक ज्वलन झाल्यानंतर सिलिंडरमध्ये थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. ते पुढे एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिस्टमध्ये जळतं आणि फिल्टर तापतो. हे झालं ॲक्टिव्ह रीजन.

हे वाचल्यावर मागचे सहा महिने डोळ्यांसमोर आले. कधीकधी आयडलिंगचे आरपीएम 800 वरून 1,000 वर जायचे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारं स्टार्ट-स्टॉप चालायचं नाही. थंडीतही गाडी बंद केल्यावर पंखा घोंघावत राहायचा आणि पार्किंगमध्ये करपल्यासारखा वास यायचा. मी दोनदा पंख्याची तक्रार लिहून दिली होती. ते सगळं रीजन होतं, आणि ऑफिस आलं म्हणून मी ते दर वेळी अर्ध्यात तोडत होतो.

आता माझी खरी तक्रार. रीजन चालू आहे हे ही गाडी सांगत नाही. दिवा लागतो तो फिल्टर भरत आल्यावर. दार उघडं आहे, बाहेर किती अंश आहे, गिअर वर टाका, हे सगळं स्क्रीनवर दिसतं. ज्या 15 मिनिटांत मी फक्त इंजिन बंद करायचं नाही, एवढं कळलं तर पुरणार आहे, त्या 15 मिनिटांबद्दल एक अक्षर नाही. संगणकाला ठाऊक असतं, डिझेल तोच सोडत असतो. एक ओळ दाखवायला नवा भाग लागत नाही. ही ओळ असती तर तो चढ, ते बिल, ते भांडण काहीच झालं नसतं.

शेवटी गाडीच्या संगणकातली माहिती फोनला पाठवणारा छोटा ओबीडी ॲडॅप्टर घेतला. फोनवर काजळीचे ग्रॅम आणि फिल्टरचं तापमान दिसतं. वहीत नोंदी ठेवतो. नुसतं शहरात चालवलं तर माझ्या गाडीला 220 ते 250 किलोमीटरला रीजन लागतं. आठवड्यात एकदा तासभर महामार्ग मिळाला, तर तेच अंतर 450 च्या पुढे जातं. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 2,000 च्या वर आरपीएम ठेवले की 12-13 मिनिटांत आटपतं, सिग्नलांमध्ये 25 मिनिटंही पुरत नाहीत. तेवढा वेळ ॲव्हरेज जवळजवळ अर्धं होतं. म्हणूनच तोडलेलं रीजन मला टोचतं: डिझेल जळालं, काजळी तशीच, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

इथपर्यंत माझं मत होतं की डिझेल घेऊन चुकलो. दहाव्या महिन्यात दिवा पुन्हा लागला, ॲडॅप्टर असताना, वहीत सगळी रीजन पूर्ण असताना. सर्व्हिस सेंटरने थेट फिल्टर बदलायला सांगितलं. मी गाडी उचलली आणि एका जुन्या मेकॅनिककडे नेली. त्याने फिल्टरला हातही लावला नाही. आधी फिल्टरच्या पुढचा-मागचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या रबरी नळ्या पाहिल्या. एक चिरली होती. दाब चुकीचा वाचला जात होता. वीतभर नळी बदलली, संगणकातला बिघाडाचा कोड पुसला, त्यानंतर चार महिने दिवा नाही. फिल्टर निर्दोष होता आणि मी त्याच्यावर इतके महिने राग धरला होता. आपली चूक कबूल करताना हेही सांगतो की चालवण्याबद्दल त्या सर्व्हिसवाल्याचं म्हणणं निम्मं खरं होतं.

डिपस्टिक मात्र दर पंधरा दिवसांनी बघा. जास्तीच्या डिझेलातलं थोडं पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. माझी पातळी कमी होण्याऐवजी वर चढली होती. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला आणि टर्बोला मारतं, म्हणून आता सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्यावर बदलतो. ऑइल कमी राखेचंच, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं. काजळी जळते, ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साठते. आणि रीजन चालू असताना वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका.

फिल्टर आतून पोकळ करून प्रोग्राम बदलून देतो, असं एकाने सुचवलं. खर्च वाचला असता. नाही केलं. घरात दम्याचा पेशंट आहे, आणि 90 टक्क्यांहून जास्त काजळी अडवणारी वस्तू काढून तो धूर दुसऱ्याच्या दारात सोडणं मला पटत नाही.

रोज 6 किलोमीटरच जाणाऱ्याने ही गाडी पेट्रोलमध्ये घ्यावी. माझं रनिंग आता वाढलंय, मी ठेवणार आहे. पुढच्या सर्व्हिसला स्कॅनरवर राखेचे ग्रॅम किती दिसतात, तो आकडा लिहून मागणार आहे, आणि रीजनची ओळ स्क्रीनवर द्या ही मागणी तिसऱ्यांदा लेखी देणार आहे.